वजनकाटा, रोट आणि सुनंदाची गाठ

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांना दुखावणं. सुरतेत पर्वत पाटियाला एका मॅडमचा मधुमेह आणि थायरॉइडचा दवाखाना आहे. मॅडमच्या केबिनमध्ये जायच्या आधी प्रत्येक पेशंट माझ्या हाताखालून जातो. वजन, उंची, कमरेचा घेर, ब्लड प्रेशर आणि बोटाला टोचून थेंबभर रक्तात साखर, एवढं मी बघते. मॅडम नंतर गोड बोलून समजावतात. पण आकडा पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडतो, त्यामुळे शिव्याही मलाच पडतात. इतकी वर्षं शिव्या खाऊनही माझं स्वतःचं वजन कमी झालेलं नाही, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी मागून कुजबुजायला नको.

काट्यावर उभं राहायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बायका चप्पल काढतात, पर्स माझ्या हातात देतात आणि मग म्हणतात, साडीचं वजन वजा करा. कापड मार्केटमधले एक काका घड्याळ, अंगठ्या, खिशातला रुमाल असं सगळं टेबलावर मांडून काट्यावर चढत आणि आकडा आला की सकाळचा नाश्ता वजा करायला सांगत, "बेन, सवारे नास्तो कर्यो छे, ए बाद करो." कमरेचा घेर घेताना श्वास सोडायचा असतो. सोडा म्हटलं की पुरुषमाणूस हमखास श्वास घेतो आणि पोट आत ओढून छताकडे बघत उभा राहतो. त्याला असं किती वेळ धरून ठेवणार? मी टेप लावून शांतपणे उभी राहते. शेवटी पोटच दमतं.

आमच्या खानदेशी लोकांत वजनाचं शास्त्र निराळंच आहे. गावाकडून सुरतेला आलेली सून पहिल्यांदा माहेरी जाते तेव्हा तिच्या गालाकडे बघून आया-मावश्या ठरवतात, संसार कसा चाललाय ते. अंग भरलं असेल तर "सुरत मानवली गं तुला" म्हणतात, आणि तशीच काडी परत आली असेल तर सासरच्यांचं काही खरं नसतं. मी अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेच्या डिंडोलीत आले तेव्हा माझ्या सासूनेही मला सुरत मानवायला लावायचा विडा उचलला होता. तेव्हा जाडी म्हणजे इज्जत, हे मला दवाखान्यात शिकावं लागलं नाही. ती इज्जत कमी करा असं लोकांना सांगायचं, हे मात्र शिकावं लागलं.

सुरुवातीला मला वाटे, काटा म्हणेल ते खरं. जाड तो आजारी, बारीक तो धडधाकट, सोपा हिशेब. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका लूम कारागिराने तो मोडला. माणूस मूळचा यवतमाळकडचा, हातपाय बांबूसारखे आणि मधेच शर्टाखाली कलिंगड ठेवल्यासारखं पोट. वजन एकदम बरोबर. साखर मात्र यंत्रावर बघून मी पुन्हा टोचलं, इतकी होती. तो म्हणाला, "बाई, मी असा लाकडासारखा, मले साखर कायची होते?" रात्रपाळी, दिवसा तुटक झोप आणि भुकेला चहा, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मॅडमनी मला समजावलं की वजन हा बाहेरचा रंग आहे. आत पोटाभोवती चरबी किती, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी कशी, यावर खरं आरोग्य ठरतं. बाहेरून सडपातळ माणूस आतून जाड असू शकतो. तेव्हापासून मी काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवते, आणि टेपवरही फार नाही.

थायरॉइडचं तर विचारूच नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या म्हणजे कंठमण्याच्या खाली, ही फुलपाखरासारखी ग्रंथी असते. शरीराचा वेग ती ठरवते. ती मंदावली की थोडं वजन वाढतं, पण थोडंच. आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी मात्र सगळी जाडी तिच्या नावावर टाकून मोकळी होतात. "अमने तो थायरॉइड छे," असं एक शेठाणी इतक्या समाधानाने सांगायच्या, की बाकी लोचो, फाफडा आणि घारी त्यांच्या पोटात गेलीच नव्हती असं वाटावं. यावर मी खूप हसायचे. मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या की उलटंही खरं आहे. म्हणजे थायरॉइडमुळे जाडी थोडीच वाढते, पण जाडीमुळे थायरॉइडच्या आजाराचा धोका वाढतो. फार जाड माणसांत, पोट सुटलेल्या आणि साखर बिघडलेल्या माणसांत थायरॉइडचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो म्हणे.

हे ऐकून माझं हसू मावळलं. मी विचारलं, असं का? मॅडम म्हणाल्या, पोटाची चरबी गप्प पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिन वाढतं, शरीरात बारीक धुमसणं चालू राहतं, आणि या सगळ्यातून पेशींना सारखा निरोप जातो की वाढा, वाढा. मी मान डोलावली. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण मंगलबेन, जाड माणसं डॉक्टरकडे जास्त जातात, त्यांची सोनोग्राफी जास्त होते, म्हणून गाठीही जास्त सापडतात, असंही काहीजण म्हणतात." मग खरं काय? "दोन्ही थोडं थोडं." आणि बारीक माणसाला होतो का? होतो. जाडाला होतोच का? नाही, बहुतेकांना होत नाही. गाठ म्हणजे कॅन्सरच का? बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. एवढं विचारून मी बाहेर येऊन बसले तेव्हा आत जाताना होते त्याहून जास्त गोंधळले होते. पुढच्या पेशंटचं वजन मी दोनदा चुकीचं लिहिलं.

तरी एक गोष्ट पक्की होती. पोट कमी करण्यात तोटा नाही. म्हणून मी डिंडोलीत आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या बायकांना गोळा केलं. सकाळी तलावाभोवती चालायचं आणि रविवारी माझ्या घरी टेप लावून घ्यायची. त्यात सुनंदा होती. आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, चाळिशीच्या आतली, नवरा एम्ब्रॉयडरी मशीनवर, दोन मुली आणि अनुसयामाय नावाची सासू. सुनंदा घरी साड्यांना लेस लावायचं काम करी, म्हणजे दिवसभर बैठक. आली तेव्हा तिचं वजन बघून काटाही बिचकला असेल. साखर काठावर, ब्लड प्रेशर काठाच्या पलीकडे. पण बाई जिद्दीची. बाकीच्या चालताना गप्पा मारत, ही चालत असे. भात कमी केला, चहातली साखर सोडली, रात्रीचं फरसाण मुलींच्या ताटात सरकवलं.

श्रावणात कानबाई आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी बसते, आणि डिंडोलीत तर त्या दिवशी आपण धुळ्यात आहोत की गुजरातेत हे कळत नाही. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याच्या पुरणपोळ्या, सोबत खीर. हा रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही, पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचा. सुनंदाने मला विचारलं होतं, "ताई, रोटाचं कसं करू?" मी म्हणाले, "घासभर खा, पाया पड आणि उठ. देवीला तुझी साखर माहीत आहे." मला वाटलं, काय छान बोलले मी. तिने खरंच घासभर खाल्ला. तिच्या वाटणीचा रोट राहिला, पौर्णिमा उलटली आणि तो शेवटी नदीत सोडावा लागला. अनुसयामायने तेव्हा नुसतं बघितलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. चालून आल्यावर आम्ही तलावाच्या कट्ट्यावर बसलो होतो. सुनंदा इतकी उतरली होती की तिच्या जुन्या ब्लाऊजमध्ये आणखी एक सुनंदा मावली असती. गळ्याच्या घड्या गेल्या होत्या. मी सगळ्यांना म्हणाले, "बघा गं, हिला मान आली!" सगळ्या हसल्या, तीही हसली आणि तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. घोट गिळताना तिच्या गळ्यात डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. थायरॉइडची गाठ अशीच ओळखतात, गिळताना ती घाटीबरोबर सरकते. मी दवाखान्यात दहा वेळा पाहिलं होतं. पण तोंडात अजून कौतुकाचे शब्द होते आणि डोळ्यांना ते दिसत होतं. मी तिला आणखी एक घोट प्यायला लावला. ती म्हणाली, "तहान गयी ना ताई."

मी तिला मॅडमकडे नेलं. सोनोग्राफीत डॉक्टरांना गाठीचा चेहरा आवडला नाही. मॅडमनी सांगितलं, सुईने थोड्या पेशी काढून तपासू, घाबरायचं कारण नाही, पण थांबायचंही नाही. सुनंदा माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, जाडी व्हती तव्हय गाठ नव्हती. बारीक व्हयनी अन् गाठ ऊनी. आते मी काय समजू?"

मी म्हणाले, गाठ आधीपासून असेल, चरबीखाली दिसत नव्हती. तू बारीक झालीस म्हणून दिसली. हे ऐकताना ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू कमरेचा घेर मोजून घेताना मीच पोट आत ओढलं आहे.

घरी अनुसयामायने निकाल आधीच लावून ठेवला होता. मी गेले तेव्हा माय दारातच बसली होती. स्वतः वाळलेल्या मिरचीसारखी, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "रोट कोनी टाकस का कव्हय? तुम्ही टाकी दिधा ना. देखा आते." मी समजावलं की माय, गाठीचा आणि रोटाचा काही संबंध नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. माय म्हणाली, "पन कावया बठना व्हता ना?"

  मॅडमकडे मी जे ऐकून आले होते तेही काहीसं असंच होतं. जाडी होती, गाठ झाली. कावळा बसला होता. फांदी त्यानेच मोडली का, हे मॅडमलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मग मायने म्हटलं तर ती अडाणी आणि आम्ही म्हटलं तर शास्त्र, असं कसं?

सुनंदाने सुई टोचून घ्यायला साफ नकार दिला. पुढच्या कानबाईला रोट पुरा खायचा, देवीची क्षमा मागायची, मग बघू. तोवर अंग पुन्हा भरायचं, म्हणजे गाठ होती तशी झाकून जाईल. मायने शेंगदाण्याचे लाडू वळले, तुपाची बरणी उघडली. इकडे आमच्या चालण्याच्या मंडळातल्या बायका एकेक करून गळाल्या. एकीने तर तोंडावरच सांगितलं, "ताई, जाड झालं तर कॅन्सर, बारीक झालं तर गाठ. इकडे आड, तिकडे विहीर. मग निदान खाऊन तरी मरू." मी एकटीच तलावाभोवती चालू लागले. राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. मायचा यायचा, मग सुनंदाचा, मग मॅडमच्या "थोडं थोडं"चा. शेवटी माझ्या त्या छान बोलण्याचाही यायचा.

मी तिच्या घरी जात राहिले. सुई नाही तर नाही, निदान गाठ बघू दे, म्हणायचे. ती पदर बाजूला करायची आणि पाणी प्यायची. ती हळूहळू भरत चालली होती. गळ्याला घड्या आल्या, गाल आले, लेस लावताना पुन्हा धाप लागायला लागली. गाठ मात्र झाकली गेली नाही. घडीच्या वर डोकं काढून बसून राहिली, आणि मला वाटत होतं की थोडी वाढलीच. तिचा नवरा एकदा जिन्यात मला म्हणाला, "ताई, तुम्ही आईला काही बोलू नका, पण मला झोप लागत नाही." मी त्याला म्हणाले, मलाही नाही लागत.

मॅडम अधूनमधून विचारत. मी म्हणे, श्रावणापर्यंत थांबली आहे. त्या चिडत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, "अशा गाठी बहुतेक सावकाश वाढतात, मंगलबेन. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नाही." हा "बहुतेक" शब्द मी आमच्या दवाखान्यातून हद्दपार करणार होते.

कानबाई आली. सुनंदाने आपल्या वाटणीचा रोट शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मला ती नंतर म्हणाली की खाताना तिला रडू येत होतं आणि माय तिच्या पाठीवर हात फिरवत होती. सोमवारी विसर्जन झालं. पौर्णिमा झाली, रोट संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं शटर वर करून आत आले, तर मागोमाग अनुसयामाय आली. सुनंदाचा हात तिने मनगटाशी धरला होता, लहान मुलीला शाळेत घालायला आणतात तसा.

माय म्हणाली, "देवीनं देवीले दिधं. गाठ तशीच शे. आते डॉक्टरनं डॉक्टरले दी टाकू."

देवीचं देवीला दिलं, आता डॉक्टरचं डॉक्टरला देऊन टाकू, असं तिचं म्हणणं होतं. मला वाटलं होतं, गाठ गेली नाही तर ती आणखी काही नवस काढेल, आणखी एक वर्ष मागेल. पण तिचा हिशेब स्वच्छ होता. जे चुकलं ते भरून काढलं, तरी गाठ राहिली, म्हणजे ती त्या चुकीची नव्हती. इतका सरळ विचार करणारी माणसं आमच्याकडे काट्यावर फार थोडी येतात.

सुई टोचली गेली. कॅन्सर निघाला. मॅडमनी दोघींना समोर बसवून सांगितलं की हा थायरॉइडचा नेहमीचा, सावकाश चालणारा प्रकार आहे, ऑपरेशन करून काढला की माणूस बहुधा पुढचं आयुष्य नीट जगतो, रोज एक गोळी घ्यावी लागते. थांबल्यामुळे फार बिघडलं असं दिसत नाही. मायने एकच प्रश्न विचारला, हा कशाने होतो? मॅडमनी त्यांच्या सवयीप्रमाणे सगळं सांगितलं. बायकांना जास्त होतो, काही घराण्यांत असतो, बहुतेक वेळा कारण कळतच नाही, आणि हो, वजन फार असलं तर धोका थोडा वाढतो, म्हणून ऑपरेशननंतर वजन सांभाळा. मॅडम बोलत गेल्या. माय वजनाच्या शब्दापाशी थांबून राहिली, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, मॅडमना दिसलं नाही. मी त्यांना नंतर केबिनमध्ये गाठून म्हणाले की असं का सांगितलंत त्या म्हातारीला. त्या म्हणाल्या, "जोखम एटले गुनो नहीं, मंगलबेन." धोका म्हणजे गुन्हा नव्हे. वाक्य चांगलं होतं, पण ते त्यांनी मला सांगितलं, मायला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा घेतली. सुनंदाला आत नेलं. नवरा औषधं आणायला खाली गेला, मुली शाळेत होत्या. बाकावर मी आणि माय.  तिने सुनंदा लग्न होऊन आली तेव्हाचं काढलं. पोर इतकी बारीक होती की पहिल्या पंगतीला भाऊबंद हसले होते, म्हणाले, अनुसये, सून आणली की काटकी? तेव्हा मायने ठरवलं की हिला अशी करीन की बघत राहाल. स्वतः अर्धी भाकरी खाऊन हिच्या ताटात तूप वाढलं. गिरणीत काम करून आल्यावर नवऱ्यापासून लपवून हिला दूध दिलं. पहिल्यांदा माहेरी पाठवली तेव्हा पूर्ण गाव बघत राहिलं होतं, हे सांगताना तिचा चेहरा अजूनही उजळला. मग विझला.

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "मंगल, तू तठेच काम करस, तुले म्हाईत शे. खरं सांग. मीच तिले खावाडं. मन्हामुयेच व्हयनं का हाई?"

आयुष्यभर मी लोकांना आकडे सांगत आले, कुणाच्याही तोंडावर, न चुकवता. इन्सुलिनचं मला ठाऊक होतं, धुमसणाऱ्या चरबीचं ठाऊक होतं, थोडा वाढतो आणि बहुतेक आणि कदाचित, हे सगळं पाठ होतं. गेलं वर्षभर ही म्हातारी स्वतःची चूक कधी मान्य करेल याची मी वाट पाहत होते, हेही खोटं नाही. ती आता मान्य करायला बसली होती आणि मला ते नको होतं.

मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "नाही माय. तुझ्यामुळे नाही."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मग डोळे पुसून विचारलं, सुनंदा बाहेर आल्यावर तिला आधी काय खायला देतात. मी म्हणाले, आधी पाणी देतील, मग पातळ काहीतरी. सुनंदा आता बरी आहे, गोळी घेते, पुन्हा चालते, आणि तिच्याबरोबर आणखी काहीजणी परत चालायला लागल्या आहेत. पण त्या बाकावर मी मायला खरं सांगितलं की खोटं, हे मॅडमना विचारायला मी अजून गेलेले नाही. जाणारही नाही.